आज्जी गेली, आता तिचं आयुष्य कागदावर कसं आणायचं?

या महिन्यात निपाणी, खानापूर, चिकोडी आणि बेळगावकडून आलेली बरीचशी पत्रं एकाच कामाची आहेत. घरातली, खरं तर अख्ख्या गल्लीची, वडीलधारी बाई नव्वदी ओलांडून गेली. वर्षश्राद्धाला तिच्यावर काही छापायचं आहे, तिच्या नावानं काही करायचं आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत, नावं गाळली आहेत.

आज्जी गेल्या भाद्रपदात गेली. घरचे म्हणतात शंभरी गाठली होती. आधार कार्डावर 1 जानेवारी 1931 आहे. पुस्तिकेवर कुठलं साल घालायचं? (एक नात, निपाणी)

आधारवरची 1 जानेवारी आधी बाजूला ठेवा. नोंदणीच्या वेळी नुसतं वय सांगितलं की जन्मतारीख म्हणून त्या सालची 1 जानेवारी पडते. म्हणजे ती तारीख नव्हे, रांगेत उभं असताना कुणीतरी सांगितलेला अंदाज. जुन्या शाळेच्या दाखल्यावरची 1 जून तशीच. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून गुरुजी वयाचा हिशेब करून पोराला 1 जूनलाच जन्माला घालायचे. आणि 'शंभरी'चंही फार मनावर घेऊ नका. नव्वदीनंतर घरातलं माणूस वर्षाला दोन वर्षांनी वाढतं.

खात्रीचा रस्ता मुलांवरून जातो. समजा, थोरल्या काकांची शाळेतली तारीख 1-6-1947 आहे, म्हणजे खरा जन्म 1946-47चा. सरळ हिशेब करणारा म्हणेल, पहिलं मूल सतराव्या वर्षी, म्हणून आज्जी 1929-30ची. इथेच चूक होते. काकांच्या आधी किती मुलं झाली आणि गेली, हे विचारलेलंच नसतं. मुलगे हे सांगत नाहीत, बहुतेकांना ठाऊकच नसतं. आज्जीच्या जावा, नणंदा, माहेरच्या भाच्या यांना विचारा. दोन मुलं आधी होऊन वारली असतील, तर दोन-सव्वादोन वर्षांच्या अंतरानं पहिलं बाळंतपण 1942च्या आसपास येतं आणि आज्जी 1925-26ची ठरते. एवढ्या एका प्रश्नानं चार वर्षं सरकतात.

मग हा अंदाज गावाच्या आठवणींशी ताडून बघा. 'तेव्हा तू केवढी होतीस?' असं ती कधी काय बोलली होती, ते घरात कुणाला तरी आठवत असतं. आपल्या भागात धरायला चांगल्या खुंट्या आहेत. डिसेंबर 1924मध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. मार्च 1948मध्ये सांगली संस्थान विलीन झालं (बेळगावलगतचं शहापूर तोवर सांगलीकरांचं होतं) आणि 1 मार्च 1949ला कोल्हापूर. 1 नोव्हेंबर 1956ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1 एप्रिल 1957पासून आणे जाऊन नवे पैसे आले. बायकांच्या आठवणीत ही तारीख राज्यांच्या तारखांपेक्षा पक्की असते, कारण बाजार त्याच करायच्या. डिसेंबर 1961मध्ये लष्कर बेळगावमार्गे गोव्यात उतरलं. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा. बहात्तरचा दुष्काळ तर सगळ्यांनाच माहीत. 16 फेब्रुवारी 1980ला खग्रास सूर्यग्रहण कर्नाटकातून गेलं, तेव्हा भरदिवसा दारं लावून बसलेली माणसं अजून सांगतात. तुमच्या निपाणीत 1981चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आहेच. याशिवाय ज्या गावात लक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा भरते, तिथे ती सगळ्यात भरवशाची खूण. 'त्या यात्रेला मी पोटुशी होते' हे वाक्य सापडलं की निम्मं काम झालं. यात्रेची सालं देवस्थान कमिटीकडे लिहिलेली असतात.

माहेरी जुनी पत्रिका निघाली तर शके बघा. चैत्रापासून पौषापर्यंत शकात 78 मिळवायचे, माघ-फाल्गुनाला 79 (पौष डिसेंबर-जानेवारीवर पडतो, तिथे तिथी पंचांगात बघून घ्या). शकाचा आकडा फाटला असेल आणि संवत्सराचं नाव वाचता येत असेल तरी चालतं. साठ नावं फिरून येतात. शके 1848 क्षय, 1849 प्रभव, म्हणजे 1927-28. पुढचा प्रभव थेट 1987ला, तेव्हा घोटाळा व्हायला जागा नाही.

आणि शेवटी पुस्तिकेवर छापताना 'जन्म : 1925-26च्या सुमारास' असंच छापा. हिशेब कसा केला ते आत चार ओळींत द्या. शंभरीचा मोह आवरा. गाव हिशेब करतं, बोलत नाही एवढंच.

शाळेत आज्जीचं नावच सापडत नाही. घरात काही कागद कन्नडमध्ये आहेत, काही मोडीत. कामाला येतील का? (वाचक, खानापूर तालुका)

नाव सापडत नाही, कारण तुम्ही सासरचं शोधताय. ती शाळेत गेली असेल तर माहेरच्या गावात, माहेरच्या नावानं आणि वडिलांच्या नावापुढे. त्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन जनरल रजिस्टर बघायची विनंती करा. अंदाजे साल सांगा, पाच वर्षं मागची आणि पाच पुढची. लग्नात नाव बदललं होतं का, हे आधी घरात विचारून घ्या. चंपा शोधायची आणि आपण लक्ष्मी शोधत बसायचं, असं होतं.

कन्नड कागदांना बिचकू नका. उताऱ्यावर किंवा नोंदीत 'गंड' दिसला तर दचकायचं कारण नाही, तो नवरा. 'तंदे' वडील, 'तायी' आई, 'हेंडती' बायको, 'मग' मुलगा, 'मगळु' मुलगी. जुन्या मराठी कागदांत जिथे 'कोम' (अमक्याची बायको) किंवा 'भ्रतार' (नवरा) असतं, तिथे कन्नडमध्ये बहुधा 'गंड' येतं. कन्नड आकड्यांत सहा आणि नऊ चटकन सारखे दिसतात. 1936 आणि 1939 यांत शंका आली तर त्याच कागदावर दुसरीकडे खात्रीचा नऊ शोधून शेजारी ठेवा. 'बाई'चं 'बायि' होतं, आडनावाच्या शेवटची वेलांटी सरकते. ते पुस्तिकेत तसंच उतरवायचं नाही, घरात लिहितात तसं लिहायचं.

नाड कचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) वारसासाठी जो वंशवृक्ष काढला असेल, त्याची एक प्रत जवळ ठेवा. घरातल्या तोंडी वंशावळीपेक्षा तो बरा, कारण त्यात मुली असतात. मृत्यूची नोंद अजून झाली नसेल तर आधी ती करा. 21 दिवसांत फुकट, 30 दिवसांपर्यंत उशिराची फी भरून, त्यानंतर वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तिथे वय सांगताना वरचा हिशेब हाताशी ठेवा. एकदा चुकीचं लिहिलं गेलं की पुढच्या सगळ्या कागदांत तेच फिरतं.

मोडी कागद मूळचा कुणाच्या हातात देऊ नका. 600 डीपीआयनं (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून ते द्या. कोल्हापुरात मोडी वाचणारे भरपूर आहेत, शिवाजी विद्यापीठात ती शिकवलीही जाते. लिप्यंतर आलं की लक्षात ठेवा, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्दही तोडलेले नसतात, त्यामुळे नावांची अंतिम खात्री घरच्यांनीच करायची. साल फसली (जुन्या महसुली कागदांतलं, मृगापासून सुरू होणारं) असेल तर मृगापासून डिसेंबरपर्यंत 590 मिळवायचे, जानेवारी ते मृग 591.

सगळे एकच सांगतात : 'देवमाणूस होती, दारातून कुणी उपाशी गेलं नाही.' यावर पुस्तक कसं लिहायचं? (नातसून, चिकोडी)

नाहीच लिहिता येणार. 'देवमाणूस' हे उत्तर नाही, तो दरवाजा लावून घेण्याचा शिष्टाचार आहे. तुमचा प्रश्नच 'आज्जी कशी होती?' असा असेल तर दुसरं काय मिळणार? स्वभाव विचारू नका, काम विचारा. पहाटे उठून पहिल्यांदा काय करायची? गल्लीत मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही, मग पहिली भाकरी-पिठलं कुणाच्या घरातून जायचं, आणि भाकऱ्या किती थापायच्या? कुणाकुणाचं बाळंतपण तिच्या हातचं? नाळ कशानं कापायची, बाळंतिणीला पहिले पाच दिवस काय द्यायची? भिशी किती बायकांची होती, महिन्याला किती रुपये, आणि एखादीनं बुडवली तर काय करायची? विड्या वळत असेल तर दिवसाला किती? मजुरी हजारावर असते, त्यामुळे आकडा त्यांच्या तोंडावर असतो. पान भिजवायचं कधी, सूप मांडीवर कसं, खराब विड्या काढून टाकल्या की हिशेब कसा लागायचा, हे त्या तासभर सांगतील आणि त्यात आज्जी पाच वेळा येईल.

सार्वजनिक कामाचे प्रश्न वेगळे काढा. 1987च्या जानेवारीत कर्नाटकात मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यात बायकांना 25 टक्के जागा राखीव होत्या. तेव्हा पहिल्यांदा चावडीत बसलेल्या कितीतरी आज्ज्या आपल्या भागात आहेत आणि घरच्यांना त्याचं काही वाटतही नाही. ती सदस्य होती का, तिनं कुठल्या विहिरीची, कुठल्या रस्त्याची मागणी केली, ठरावाच्या वहीत सही की अंगठा? पंचायतीत जुनी ठरावाची पुस्तकं असतील तर तारखेसह मिळेल. महिला मंडळ, भजनी मंडळ, स्त्रीशक्ती संघ यांच्या हिशेबाच्या वह्याही बघा. 'गरिबांना मदत करायची' या वाक्यापेक्षा 'जमा : 11 बायका, प्रत्येकी 5 रुपये' ही ओळ आज्जीला जास्त जवळ आणते.

बोलायला कुणाला आधी बसवायचं? वयानं सर्वांत मोठं आणि तब्येतीनं सर्वांत नाजूक जे असेल, त्याला. मुलांना सगळ्यांत शेवटी. त्यांच्या आठवणी एकमेकांशी बोलून आधीच एकसारख्या झालेल्या असतात. एकेकाशी बोला. दोन जावा शेजारी बसल्या की धाकटी गप्प होते. थोरल्या सुनेसमोर शेजारीण खरं सांगणार नाही. बसायचं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, त्याहून जास्त नको. पुन्हा चार दिवसांनी जा. मधल्या काळात त्यांना बरंच आठवतं आणि दुसऱ्या खेपेला 'बसा की वो, परवा एक सांगायचं राहिलं' असं त्या स्वतःच सुरू करतात. हातात काहीतरी द्या, तिचा अडकित्ता, चंची, एखादं लुगडं. काठावरून हात फिरला की शहापूर-वडगावच्या मागावरचं आहे का, कुठल्या दुकानातलं, कुणाच्या लग्नातलं, हे आपोआप निघतं.

ओव्या हव्या असतील तर 'म्हणून दाखवा' असं म्हणू नका. जात्याशी बसवा, मूठभर जोंधळे घाला, खुंटा हातात येऊ दे. ओवी हाताच्या लयीवर आठवते, नुसत्या तोंडावर दुसऱ्या ओळीला अडते. दळताना आवाज फार येतो, म्हणून एकदा दळताना घ्या आणि लगेच जातं थांबवून तीच पुन्हा सांगायला लावा. आणि ओव्यांवर 'आज्जीनं रचलेल्या' असं छापू नका. त्या सगळ्या बायकांच्या असतात. 'आज्जीच्या गळ्यातल्या' म्हणा.

रेकॉर्डिंग साध्या फोनवर चालेल. विमान मोड लावा, पंखा बंद, टीव्ही बंद, फोन बोलणाऱ्यापासून हातभर, मऊ कापडावर ठेवलेला (टेबलावर ठेवला तर पेल्याचा प्रत्येक ठोका येतो). आधी एक मिनिट घेऊन ऐकून बघा. फाईलला लगेच नाव द्या : तारीख, गाव, कोण, कितवा भाग. एक तास ऐकून उतरवायला चार ते सहा तास लागतात, तेव्हा दहा तास रेकॉर्ड करून ठेवण्यापेक्षा तीन तास उतरवून काढा. उतरवताना भाषा 'सुधारू' नका. ती 'जेवलासा काय?' म्हणत असेल तर तेच लिहा. मधे येणारे कन्नड शब्दही राहू देत. तिची भाषा तीच होती.

आज्जीचा लग्नातला एकच फोटो आहे, फ्रेमच्या काचेला चिकटलाय. दुकानदार म्हणतो ओला करून काढतो. (वाचक, बेळगाव)

देऊ नका. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या ओलाव्यानं तो मऊ होऊन काचेला धरतो. ओढला की चेहरा काचेवर आणि कागद हातात. फ्रेमसकट फोटो घ्या. काच बाहेरून पुसा, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, साधारण 45 अंशांतून, समोरून नको. कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही. फोनपेक्षा कॅमेरा बरा, आणि झूम न करता मागे-पुढे होऊन नीट समोरासमोर धरा.

सुटे फोटो स्कॅन करताना एवढं गणित लक्षात ठेवा : छपाईला प्रत्यक्ष आकारात 300 डीपीआय लागतं. पासपोर्ट फोटो (3.5 × 4.5 सेंमी) 1200 डीपीआयनं स्कॅन केला तर चौपट, म्हणजे 14 × 18 सेंमीपर्यंत स्वच्छ छापता येतो, 300नं केला तर तेवढाच चिमुकला राहतो आणि मोठा केला की ठिपके दिसतात. टिफ फाईल जपून ठेवा, वाटायला जेपीईजी. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाईल छापखान्याला देऊ नका, ती बारीक झालेली असते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

फोटोवर लावलेलं कुंकू पुसू नका, ते कागदात मुरलेलं असतं, पुसताना चेहराही जातो. डाग संगणकावर काढा. हल्ली आपोआप रंग भरून देतात. त्यात लुगड्याचा काठ भलत्याच रंगाचा होतो आणि डोळेही दुसऱ्याच बाईचे वाटतात. काळा-पांढरा काळा-पांढराच बरा. आणि कृपा करून लॅमिनेशन नको. ते परत काढता येत नाही.

पुस्तिका किती पानांची, कशी छापायची? नातवंडं इंग्रजी माध्यमातली, गल्लीतली निम्मी माणसं कन्नड वाचतात. (वाचक, अनगोळ)

डेमी अष्टपत्री आकार (साधारण साडेपाच × साडेआठ इंच) हाताला बरा. पानं सोळाच्या पटीत धरा, 48 उत्तम. मधून पिन मारायची असेल तर 64च्या वर जाऊ नका, पुस्तिका मिटत नाही आणि मधली पानं बाहेर येतात. आत 70 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा छपाईचा कागद, फोटोंची आठ पानं 130च्या आर्ट पेपरवर वेगळी, कव्हर 250 ते 300चं. टाइप 14 पॉइंट ठेवा. वाचणाऱ्यांत साठीपुढचे जास्त आहेत. त्या मापानं एका पानावर 250 ते 275 शब्द बसतात, म्हणजे 48पैकी 36 पानं मजकुराला धरली तर साडेनऊ हजार शब्द. सुरुवातीला सगळ्यांना हे खूप वाटतं, शेवटी कमी पडतं. शंभराच्या आत प्रती असतील तर डिजिटल, तीनशे म्हटलं की ऑफसेट परवडतं.

घोटाळा हमखास होतो तो फॉन्टमध्ये. तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये लिहिता, छापखाना श्री-लिपीत (छापखान्यांतल्या जुन्या फॉन्टच्या पद्धतीत) बदलून घेतो, आणि 'ऱ्या', 'ऱ्ह', 'ॲ', जोडाक्षरं मोडतात. बदल करून झाल्यावरचं प्रूफ वाचा, आधीचं नव्हे. तीन वाचनं : एक मजकुरासाठी, एक फक्त नावं आणि सालांसाठी, आणि एक मोठ्यानं, जिनं मजकूर आधी पाहिलेला नाही अशा बाईकडून. फोटोखालच्या ओळी सगळ्यात जास्त चुकतात, कारण त्या शेवटच्या रात्री लिहिल्या जातात.

भाषेचं म्हणाल तर मूळ मराठीच ठेवा आणि शेवटी चार पानं कन्नडमध्ये द्या. भाषांतर नको. ज्या शेजाऱ्यांचं तिच्याशी कन्नडमधूनच बोलणं होतं, त्यांच्यापैकी कुणाकडून तरी सरळ कन्नडमध्ये लिहून घ्या. ती पानं वेगळी टाइप करून पीडीएफच द्या, फॉन्ट आत बसवलेले असू देत. मराठी ऑपरेटरनं कन्नड फाईल उघडली की चौकोन उमटतात. गावाचं नाव मजकुरात बेळगाव की बेळगावी, यावरून घरात वाद घालू नका. सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014ला बदललं, त्याआधीचा काळ सांगताना बेळगावच येणार.

वर्षश्राद्धाला हातात हवी असेल तर नवव्या महिन्यात मजकूर पुरा झालेला पाहिजे.

काका म्हणतात, आज्जीची सवत आणि जमिनीची केस यांबद्दल एक अक्षर नको. (नाव, गाव दिलेलं नाही)

जमिनीची केस चालू असेल तर काकांचं बरोबर आहे. छापलेला शब्द समोरचा वकील वाचतो. सवतीचं मात्र बरोबर नाही. त्या बाईची मुलंही वर्षश्राद्धाच्या पंगतीला बसतील. वंशावळीत तिचं नाव, तिची मुलं, आणि सगळ्या मुली त्यांच्या मुलांसकट आल्या पाहिजेत. दोघी एका चुलीवर होत्या की वेगळ्या, एवढं एक सरळ वाक्य पुरे. हयात माणसाचा आजार, कर्ज, मोडलेलं लग्न त्याला विचारल्याशिवाय घालू नका.

आज्जी चैत्रपाडव्यापासून मृगापर्यंत बसस्टँडजवळ पाणपोई चालवायची, 30 वर्षं. आम्हाला ती पुढं चालवायची आहे. हल्ली लोक पितील का? (भाऊबंद, संकेश्वर रस्ता)

पितील, पाणी गार आणि भांडं स्वच्छ असेल तर. पाणपोया बंद पडतात त्या लोक पीत नाहीत म्हणून नव्हे. पहिला आठवडा सगळे येतात, तिसऱ्या आठवड्यात रांजण भरायला कुणी नसतं. म्हणून आधी माणसं ठरवा. सात घरं, सात वार, प्रत्येकाचा वार कागदावर. आजारपणाला एक घर जादा.

दोन रांजण घ्या, साठ-सत्तर लिटरचे. एक घासून सुकायला रिकामा ठेवला तरी दुसरा चालतो. नवा रांजण 24 तास पाण्यात बुडवून किंवा भरून ठेवा, पहिली दोन पाणी ओतून द्या, नाहीतर मातीचा वास येतो आणि लोक परत येत नाहीत. आतून चकाकी दिलेला रांजण नको, तो पाझरत नाही, मग गारही होत नाही. रांजणाचं पाणी गार होतं ते बाहेरून ओल सुकल्यामुळे. तेव्हा सावली हवी आणि वाराही हवा. चारी बाजूंनी पत्रा ठोकलात तर पाणी कोमटच राहील. खाली विटांचा दोन फूट उंच कट्टा, त्यावर चार बोटं वाळू, वाळू ओली ठेवायची. बाहेरून तरट गुंडाळून ते ओलं ठेवलं तर आणखी गार.

आज्जीच्या वेळी तांब्या बुडवून पाणी द्यायचे. आता बुडवू नका. खाली तोटी बसवलेला रांजण घ्या, किंवा लांब दांड्याचं ओगराळं, आणि वाढणारा एकच. पेले स्टीलचे, रोज संध्याकाळी घासलेले. साखळीला बांधलेला एकच पेला नको.

पाणी नळाचं असेल तर ते बहुधा क्लोरीन टाकलेलंच असतं. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर गाळून घ्या आणि पाच टक्क्यांचं, सुवास नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला दोन थेंब, म्हणजे वीस लिटरला साधारण दोन मिलि टाकून अर्धा तास थांबा. नंतर किंचित वास यायला हवा. मुळीच येत नसेल तर तेवढंच पुन्हा टाकून पाव तास थांबा. गढूळ पाण्यात ते काम करत नाही, म्हणून आधी गाळणं. हे मापं घेऊन वेगळ्या भांड्यात करा, रांजणात अंदाजानं ओतू नका.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, रांजण पूर्ण रिकामा करून आतून काथ्यानं घासा. साबण नको, माती तो शोषते. ही सुट्टी चुकवायची नाही, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतो. झाकण घट्ट हवं, आणि सांडलेलं पाणी जायला कट्ट्याच्या पायथ्याशी दगड-विटांचे तुकडे भरलेला हात-दीड हात खोल खड्डा. नाहीतर महिन्याभरात तिथे चिखल होतो आणि पंचायत हटवायला सांगते. जागा पंचायतीची किंवा रस्त्याची असेल तर आधी लेखी परवानगी काढा.

नावाची पाटी रांजणावर नको, भिंतीवर लावा. रांजण दोन-तीन उन्हाळ्यांत फुटतो.

आज्जीच्या नावानं शाळेत बक्षीस ठेवायचंय, एक लाख रुपये. (नातू, कडोली परिसर)

मुद्दल मोडायचं नाही आणि व्याज साडेसहा टक्के धरलं तर वर्षाला 6500 रुपये मिळतील. पहिल्या वर्षी दोन मुलींना चांगलं बक्षीस होईल, दहा वर्षांनी महागाईमुळे तेवढ्याच पैशांत बरंच कमी येईल. म्हणून व्याजातले हजार-दीड हजार दर वर्षी मुद्दलात परत टाकायची अट घाला. ठेव मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक नावावर नको. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) ठराव करून शाळेच्या खात्यावर ठेवा, ठरावाची आणि पावतीची प्रत घरी. मुख्याध्यापक बदलले की सह्या बदलाव्या लागतात, ते राहून गेलं की ठेव आपोआप पुढे जात राहते आणि बक्षीस पाच वर्षं मिळतच नाही. दर जूनमध्ये घरातल्या एकानं शाळेत जाऊन चौकशी करायची, हे ठरवून टाका. मराठी शाळांचा पट घटतोय, तेव्हा शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली तर ठेव कुठं जाईल, हेही ठरावातच लिहा.

बक्षीस पहिल्या नंबरालाच द्या असं नाही. आज्जीनं सातवीनंतर शाळा सोडली, असं तुम्ही लिहिलंय. मग सातवीतून आठवीत नाव घालणाऱ्या मुलीला का नको?